नोंद तुमची, मंजुरी दुसऱ्याची

वाचकाचे पत्र (थोडक्यात, नाव आणि शाखा पत्रलेखिकेच्या विनंतीवरून गाळली आहे):

मी 43 वर्षांची असून फोर्टमधील एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत गेली 19 वर्षे लिपिक आहे. डोंबिवलीहून ये-जा करते. अधिकारीपदाच्या परीक्षेची संधी 2013 मध्ये आली तेव्हा मुलगा तीन वर्षांचा होता आणि 2019 मध्ये आली तेव्हा सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली होती, म्हणून दोन्ही वेळा मी अर्जच भरला नाही. मुलगा यंदा दहावीला आहे. नव्या मुलांसाठी शाखेच्या कामाची एक वही मी करून ठेवली आहे, तिच्या झेरॉक्स आता दुसऱ्या शाखांतही फिरतात. सासूबाईंचे फिजिओथेरपीचे अजून चालूच असते. आठ वर्षांपूर्वी आमच्याकडे लागलेल्या एका मुलीला मी रोख मोजण्यापासून सगळे शिकवले. ती परीक्षा देऊन अधिकारी झाली, तीन वर्षे बाहेरगावी राहिली आणि गेल्या जूनमध्ये आमच्याच शाखेत माझी अधिकारी म्हणून आली. माझ्या नोंदी आता ती पास करते. मुलगी चांगली आहे, मला अजून ताईच म्हणते. पण पहिल्या दिवशी परतताना गाडीत घाटकोपर येईपर्यंत मी डोळे पुसत होते. यजमान म्हणतात, तुला काय कमी आहे, बदलीचा ताप कशाला? मी स्वतःला समजावते की तेंडुलकरनेही कर्णधारपद सोडलेच होते. माझ्यात महत्त्वाकांक्षाच नाही, की मी ती मारून टाकली? या वयात परीक्षा द्यावी का? ता. क. चारचौघांत तिला नावाने हाक मारू की मॅडम म्हणू?

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यापाशी थांबलो. मुलाची दहावी आणि सासूबाईंची फिजिओथेरपी यांच्यामध्ये, जणू घरखर्चाच्या यादीतली एखादी बाब सांगावी तसे, आपण त्या वहीबद्दल लिहिले आहे. कोणी सांगितलेले नसताना, कामाचे तास संपल्यावर, नव्या माणसाला कुठे अडखळायला होते याचा विचार करून आपण ती वही लिहिली आणि ज्यांना आपण कधी पाहिलेही नाही अशी माणसे आज तिच्या आधाराने काम शिकत आहेत. ज्या बाईत महत्त्वाकांक्षा नाही ती अशी वही लिहीत नाही. आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर एवढेच आहे, आणि उरलेले पत्र मी ही गोष्ट धरूनच लिहिणार आहे.

आपल्याकडे बाईच्या बाबतीत महत्त्वाकांक्षा हा शब्द बहुतेक वेळा तक्रारीच्या सुरात उच्चारला जातो. ‘फार महत्त्वाकांक्षी आहे हो ती’ असे म्हटले की पुढचे वाक्य घराकडे दुर्लक्ष होण्याबद्दलचे असणार, हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असते. त्यामुळे अनेक जणी आपली इच्छा मदत, सवय, आवड असल्या सौम्य नावांखाली ठेवून देतात आणि काही वर्षांनी ती तिथे आहे हे त्यांनाही आठवत नाही. आपल्या बाबतीत तसेच झाले असावे असे मला वाटते. महत्त्वाकांक्षा मेलेली नाही. आपण तिला कामाच्या जागी कधी तिच्या नावाने हाक मारली नाही, इतकेच.

आता त्या गाडीतल्या रडण्याविषयी. आपण त्याला मत्सर म्हटलेले नाही, पण तशी भीती पत्रात आहे. मला ते मत्सराचे वाटत नाही. बँकेच्या संगणकात प्रत्येक व्यवहाराला दोन हात लागतात हे आपणच मला अधिक चांगले सांगू शकाल: एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती तपासून मंजूर करायची. 19 वर्षे आपण पहिला हात आहात. मात्र शाखेत अडचण आली की माणसे विचारायला आपल्याकडे येतात आणि नियम कोणता लागू होतो हे आपण सांगता, म्हणजे दुसऱ्या हाताचे निम्मे डोके आपण पूर्वीपासूनच चालवत आला आहात. समोरच्या खुर्चीत आपल्यापेक्षा वयाने मोठा, बाहेरून आलेला अधिकारी होता तोवर ही विषमता जगरहाटी म्हणून खपून गेली. ज्या हाताला आपण पेन धरायला शिकवले तोच हात मंजुरी देऊ लागला, तेव्हा पहिल्यांदा आपल्याला दिसले की ती खुर्ची आपल्यालाही मिळू शकली असती. दुःख तिच्या तिथे असण्याचे नाही, आपण तिथे नसण्याचे आहे, आणि हा फरक आपण मनाशी स्पष्ट केलात तर त्या मुलीशी वागणे आपल्याला पुष्कळ सोपे जाईल.

2013 आणि 2019 च्या निर्णयांबद्दल स्वतःला दोष देऊ नका. तीन वर्षांचे मूल आणि ऑपरेशन झालेली वृद्ध स्त्री यांना खरोखरच कोणीतरी लागत होते. तरीही एक गोष्ट कटू वाटली तरी लिहितो. दोन्ही वेळा आपण अर्ज भरला नाही, याचा अर्थ बदली कुठे होईल, किती वर्षांची असेल, विनंती ऐकली जाईल की नाही, घरात दुसरे कोणी काही महिने भार घेऊ शकेल की नाही, यांपैकी एकही प्रश्न विचारला जाण्याआधीच उत्तर ठरून गेले. बँकेने आपल्याला नाकारले नाही आणि घरानेही कदाचित नाकारले नसते. त्यांच्यापर्यंत प्रश्न पोहोचलाच नाही. असा न विचारलेला प्रश्न मनात फार काळ राहतो. रीतसर विचारून मिळालेला नकार माणूस वर्षा-दोन वर्षांत पचवतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

तेंडुलकरांचे उदाहरण आपण दिले आहे, ते माझ्याही आवडीचे आहे, पण ते आपल्या बाजूने बोलत नाही. त्यांनी 1996 मध्ये आणि पुन्हा 1999 मध्ये कर्णधारपद स्वीकारले, 25 कसोटी सामन्यांत नेतृत्व केले, त्यातले केवळ 4 जिंकले, आणि मग 2000 मध्ये ते पद सोडले. म्हणजे त्या कामाची चव दोनदा घेऊन, हे आपले काम नाही असे पाहून ते बाजूला झाले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कर्णधार नसलेल्या फलंदाजाला क्रिकेटमध्ये वाढायला जागा असते. पद सोडल्यानंतर त्यांच्यापुढे आणखी 13 वर्षांचा खेळ आणि शंभरावे शतक होते. लिपिकाच्या संवर्गात, काम कितीही उत्तम असले तरी, अशी जागा फार थोडी आहे. तिथून वर जाणारा रस्ता अधिकारीपदातूनच जातो. म्हणून ‘पद नको, काम पुरे’ हे वाक्य फलंदाजाच्या तोंडी जितके खरे वाटते तितके आपल्या नोकरीत ते खरे ठरत नाही, आणि हा दोष आपला नसून त्या रचनेचा आहे.

याउलट बाजूही मला सांगितली पाहिजे, कारण मी स्वतः तिचा अनुभव घेतला आहे. ऐन चाळिशीत, मुंबईतल्याच एका मोठ्या कचेरीत, मी एक वरचे पद केवळ एवढ्यासाठी घेतले की मी नाही म्हटले असते तर माझ्या बरोबरीच्या एका गृहस्थाला ते मिळाले असते. पुढची चार वर्षे मी रजेचे अर्ज, खर्चाची बिले आणि माणसांची भांडणे यांत घालवली आणि ज्या कामासाठी मी त्या कचेरीत गेलो होतो ते काम माझ्या डोळ्यांसमोर दुसरे लोक करत राहिले. त्या पदाच्या कामाचा दिवस कसा असतो हे मी कोणालाही विचारले नव्हते. आपण ते विचारावे, असे मला मनापासून वाटते.

अधिकाऱ्याचा दिवस कसा असतो हे आपण रोज पाहता, पण बाहेरून पाहता. मंजुरीच्या कळीबरोबर जबाबदारीही येते. नोंद चुकीची निघाली तर ज्याने मंजूर केली त्याला आधी विचारले जाते आणि कर्ज बुडाले तर कागदावर सह्या कोणाच्या होत्या याची चौकशी होते. आपले कामाचे तास आणि भत्ते बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यातल्या द्विपक्षीय कराराने ठरतात आणि त्यामागे संघटना उभी असते. राष्ट्रीयीकृत बँकांच्या अधिकाऱ्यांना 1979 चे सेवा विनियम लागू होतात आणि त्यांनुसार भारतात कुठेही बदली होऊ शकते. संध्याकाळी दिवसाचा हिशेब जुळेपर्यंत थांबणे, थकीत कर्जदारांकडे जाणे, विम्याच्या पॉलिसी विकण्याचे उद्दिष्ट पुरे करणे, हे सगळे त्या खुर्चीच्या आत आहे. आपल्या वहीतला आनंद यात कुठे बसतो, हा प्रश्न मी आपल्या जागी असतो तर कागदावर मांडला असता. कोणते काम करताना वेळ कसा गेला ते कळत नाही आणि कोणत्या कामाच्या विचारानेच पोटात गोळा येतो, अशा दोन रकाने असलेल्या कागदावर पंधरा दिवस रोज दोन ओळी लिहा. वही आपण लिहिलीच आहे, त्यामुळे हे जड जाणार नाही.

माझा अंदाज मात्र सांगून ठेवतो. आपल्याला शाखा चालवायची नसून माणसे घडवायची आहेत, असे आपल्या पत्रावरून मला वाटते. तसे असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. मोठ्या बँकांची स्वतःची प्रशिक्षण केंद्रे असतात आणि तिथे शिकवणारे बहुधा अधिकारी संवर्गातले असतात. म्हणजे जे काम आपण कोणत्याही पदाविना करत आहात, तेच काम पूर्ण वेळ करण्याच्या वाटेवर अधिकारीपद हा टप्पा आहे. आजवर आपण त्या पदाकडे बदलीची आणि अधिकाराची खुर्ची म्हणून पाहत आलात. शिकवण्याच्या वर्गाकडे जाणारा जिना म्हणून पाहिले तर ते वेगळे दिसते का, हे पाहावे. काही वर्षे शाखेत वसुली आणि विमा यांचे ओझे वाहावे लागेल हे खरे आहे, आणि प्रशिक्षण केंद्रावरची नेमणूक कोणी लिहून देणार नाही हेही खरे आहे. तरीही कशासाठी ओझे वाहायचे हे माहीत असले तर ते वाहणे शक्य होते.

वयाचे म्हणाल तर निवृत्तीचे वय 60 आहे, म्हणजे आपल्यापुढे 17 वर्षे आहेत. आजवर केलेल्या नोकरीपेक्षा केवळ दोन वर्षे कमी. एवढा काळ ‘आता काय राहिले’ असे म्हणत काढण्यासाठी फार मोठा आहे.

म्हणून माझे मत असे: परीक्षा द्यावी. मात्र त्याआधी काही गोष्टी कागदोपत्री तपासाव्यात. बँकेचे पदोन्नतीविषयक परिपत्रक स्वतः वाचावे, शाखेतल्या ऐकीव माहितीवर अवलंबून राहू नये. ज्येष्ठतेचा आणि जलद असे दोन मार्ग असल्यास आपण कोणत्या मार्गात बसता, निवड झाल्यावर नाकारले तर पुढील किती वर्षे बसता येत नाही, पहिल्या नेमणुकीला पसंती कळवता येते का, हे त्यात असते. अर्थ मंत्रालयाच्या वित्तीय सेवा विभागाने 2014 मध्ये सरकारी बँकांना कळवले होते की विवाहित महिला कर्मचाऱ्यांना शक्यतो पतीच्या नोकरीच्या ठिकाणी किंवा त्याच्या जवळ नेमावे. त्यातला ‘शक्यतो’ हा शब्द विसरू नये, पण विनंती करताना त्या सूचनेचा उल्लेख जरूर करावा. न मागता कोणी सवलत देत नाही. जेएआयआयबी ही बँक कर्मचाऱ्यांसाठीची व्यावसायिक परीक्षा अजून दिली नसेल तर तिच्यापासून सुरुवात करावी. ती परीक्षा घेणारी संस्था 1928 पासून काम करते आहे आणि तिचे मुख्यालय आपल्या मुंबईतच आहे. सध्याच्या अभ्यासक्रमात चार पेपर आहेत, वर्षातून दोनदा बसता येते, आणि उत्तीर्ण झाल्यावर जादा वेतनवाढही मिळते, त्यामुळे पुढे पदोन्नती घेतली नाही तरी तो अभ्यास वाया जात नाही. जाता-येता मिळून लोकलमध्ये जे अडीच तास जातात त्यांतला बसायला जागा मिळेल तेवढा वेळ या अभ्यासाला द्यावा असे मी म्हणणार होतो, पण डोंबिवलीहून सकाळच्या जलद गाडीत जागा मिळण्याची गोष्ट मी आपल्याला सांगू नये. शनिवारच्या सुट्टीची एक सकाळ पुरी होईल.

मुलाच्या दहावीचे वर्ष जाऊ द्या. प्रक्रिया, परीक्षा, मुलाखत, निकाल आणि नेमणूक यांत काही महिने सहज जातात, आणि तोवर तो अकरावीत असेल. त्याला आईची गरज राहणारच, पण तीन वर्षांच्या मुलाला लागते तशी नाही. खरा प्रश्न सासूबाईंचा आहे आणि तो आपल्या यजमानांचाही आहे.

त्यांच्याशी बोलताना ‘मी अधिकारी होऊ का’ असे विचारू नका. त्या प्रश्नाला ‘तुला काय कमी आहे’ हेच उत्तर येणार, कारण त्यांना तो पगाराचा प्रश्न वाटतो आणि पगारापुरते ते बरोबरही आहेत. त्यांना ती वही दाखवा. माझी खात्री आहे की त्यांनी ती पाहिलेली नाही. मग सांगा की हे काम मला मोठ्या प्रमाणावर करायचे आहे, त्यासाठी दोन किंवा तीन वर्षे मी कदाचित दुसऱ्या गावी असेन, त्या काळात आईंचे आणि मुलाचे कसे करायचे ते आपण दोघांनी बसून ठरवायचे आहे. नणंद किंवा दीर असतील तर त्यांच्याही कानावर घालावे. जी जबाबदारी 19 वर्षे आपोआप आपल्या नावे लिहिली गेली ती एकदा सगळ्यांसमोर वाचून दाखवणे, यात कोणाचा अपमान नाही. तरीही घरून ठाम नकार आला, किंवा आपल्यालाच त्या दोन रकान्यांचा कागद पाहून वाटले की हे ओझे आपल्याला नको, तर तोही पूर्ण निर्णय असेल, कारण तो या वेळी विचारून झालेला असेल.

तसे झाल्यास हात हलवत परत जायचे नाही. लिपिक संवर्गातच विशेष भत्ता असलेली विशेष सहायकाची जागा असते, तिच्यासाठी आपली ज्येष्ठता नक्कीच विचारात घेतली जाईल. शाखेत किंवा परिमंडळात ती कधी रिकामी होते हे विचारून लेखी अर्ज द्यावा. शिवाय, पदोन्नती घ्या वा न घ्या, एक काम याच महिन्यात करावे. वही स्वच्छ टंकलिखित करून घ्यावी, ग्राहकांची किंवा खात्यांची कोणतीही माहिती तिच्यात राहिलेली नाही हे पाहावे, पहिल्या पानावर आपले नाव आणि तारीख घालावी आणि शाखाधिकाऱ्यांमार्फत ती प्रादेशिक कार्यालयाकडे पाठवून, नव्या भरतीच्या मुलांसाठी महिन्यातून एक सत्र घेण्याची तयारी असल्याचे पत्र सोबत जोडावे. झेरॉक्सवर नाव नसते. बँकेच्या दृष्टीने आज ती वही कोणाचीच नाही.

उरली ती मुलगी. तिच्याकडे आपल्याला हवी असलेली अशी माहिती आहे जी कोणत्याही परिपत्रकात सापडणार नाही: बाहेरगावी पहिले सहा महिने कसे गेले, राहण्याची सोय कोणी केली, कोणत्या कामाने रडवले, परीक्षेत काय विचारले, परत मुंबईला येण्यासाठी काय करावे लागले. एखाद्या दिवशी सुटल्यावर तिला चहाला घेऊन जा आणि सरळ सांगा की मी अर्ज भरण्याचा विचार करते आहे, मला तुझ्याकडून शिकायचे आहे. आपण तिला शिकवलेत, आता तिने आपल्याला शिकवावे, यात आपला मान कमी होत नाही. आणि मला वाटते की ती मुलगीसुद्धा जूनपासून अवघडून बसली असेल. ज्या ताईने हाताला धरून शिकवले तिच्या नोंदी तपासताना तिलाही जड जात असेल, आणि पहिला शब्द मोठ्या माणसाने बोलावा याची ती वाट पाहत असेल.

शाखेत ग्राहकांसमोर आणि सहकाऱ्यांसमोर तिला मॅडमच म्हणावे. तिच्या पदाला तो आधार लागतो, विशेषतः काउंटरवर मोठ्या आवाजात भांडायला आलेल्या माणसापुढे, आणि तो आधार आपण दिलात तर शाखेतले बाकीचे आपोआप देतील. चहाच्या टपरीवर पोहोचल्यावर तिला तिच्या नावाने हाक मारा.